शिवकांत काय प्याला?

सोनपेठच्या चौकात शिवकांतचा फलक लागला, तेव्हा हार घालायला गाव नुसतं लोटलं होतं. त्याच फलकावर डांबर फासलं गेलं, तेव्हा मात्र फासणारा कुणालाच दिसला नाही. मान द्यायला माणसं नावानिशी येतात आणि अपमान करायला बिननावाची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

त्रिवेणी वालूरहून निघून, गाड्या बदलत सोनपेठला उतरली आणि तिला पहिल्यांदा दिसला तो हाच फलक. धाकट्या भावाच्या तोंडावर डांबर, गळ्यात चपलांचा हार आणि खाली खडूनं लिहिलेलं, ‘विकला गेलेला वाघ’. तिनं ओढणी कमरेला खोचली, पानटपरीवरचं स्टूल न विचारता ओढलं आणि वर चढून चपला तोडून नालीत फेकल्या. टपरीवाला हळूच म्हणाला, ताई राहू द्या, लोकांचा राग आहे. त्यावर ती म्हणाली की लोकांचा राग असेल तर लोकांनी समोर यावं. समोर कुणी आलं नाही. बाकावरचे दोघे तर उठून पलीकडच्या हॉटेलात जाऊन बसले.

त्रिवेणी वालूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. एकेकाळी विद्यापीठाच्या कबड्डी संघात होती, गुडघा गेला म्हणून मैदान सुटलं. पण शिवकांतला पहिली चढाई शिकवली ती तिनंच, किराणा दुकानामागच्या मोकळ्या जागेत. तो पुढं ‘गोदावरी गर्जना’ या लीगमधल्या संघाचा पहिल्या नंबरचा चढाईपटू झाला. परभणीला संघाचं शिबिर, तिथंच सामने, टीव्हीवर नाव. वडील धोंडप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक साखर घ्यायला येई आणि पोराची चौकशी करून जाई.

आणि परवाच्या सामन्यात हे झालं. साखळीतला शेवटचा सामना, समोरचा संघ तळाचा. पूर्वार्धात शिवकांत बरा खेळला. उत्तरार्धात त्याचे पाय जड झाले. दोनदा तो स्वतःहून पकडीत शिरला. शेवटच्या चढाईला नुसतं जाऊन परत यायचं होतं, तर हा झोपेत चालल्यासारखा बाजूच्या रेषेवरून बाहेर गेला आणि तिथंच उभा राहिला. संघ हरला. आधीच्या गुणांच्या जोरावर उपांत्य फेरीत पोचला खरा, पण प्रेक्षकांनी तिथल्या तिथं निकाल लावला की पोरानं सामना विकला. लीगनं चौकशी बसवली आणि तिचा निर्णय लागेपर्यंत त्याला घरी पाठवलं. दोषी ठरला तर जन्माची बंदी होती.

घरात शिवकांत भिंतीकडं तोंड करून पडलेला होता. दुकानात धोंडप्पा एकटेच माश्या मारत बसलेले. त्रिवेणीनं भावाला उठवून समोर बसवलं आणि एकच गोष्ट विचारली.

“त्या दिवशी तू काय खाल्लंस, काय प्यालास?”

“सगळ्यांनी खाल्लं तेच खाल्लं, अक्का. पाणी माझ्या बाटलीतलं. सील मीच फोडलं. दुसरं थेंबभर बी प्यालो न्हाई.”

शिबिरात त्यांना पहिला धडा हाच दिला होता. सीलबंद बाटलीशिवाय काही प्यायचं नाही, कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी. शिवकांत असला धडा मोडणाऱ्यांतला नव्हता. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होत, ते लाल झाले नव्हते. त्रिवेणीनं त्याला त्याच दिवशी परभणीला एका डॉक्टरकडं नेलं. तपासणीत निघालं की अंगात झोपेचं औषध आहे, आणि तेही चांगलं जबरदस्त.

तिला वाटलं, सुटलो. ती त्याला घेऊन तडक संघाच्या कार्यालयात गेली. मालक भागवतशेठ परभणीतले मोठे बिल्डर. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मग म्हणाले की सट्टेवाल्यांनी पैसे चारले असतील आणि नीट हरता यावं म्हणून पोरानंच गोळी घेतली असेल. जेवण सगळ्यांचं एका पातेल्यातलं, बाकीचे अकरा जण ठणठणीत, बाटली याची स्वतःची. मग औषध काय आभाळातून पडलं? पुरावा घेऊन जावं तर त्याचाच फास करून गळ्यात अडकवायचा, याला काय म्हणावं? पण प्रश्नाला उत्तर नव्हतं, हेही खरं होतं.

बाहेर प्रशिक्षक आबासाहेब भेटले. पालमकडचा माणूस, पांढरी मिशी, आवाज मऊ. शिवकांतला शाळेच्या मैदानावरून उचलून लीगपर्यंत आणलं ते यांनीच. घरी दोनदा जेवून गेलेले. ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले की पोरानं ताणामुळं गोळी घेतली असं कबूल करावं, मी समितीत बोलतो, एका हंगामाच्या बंदीवर भागेल. शिवकांत वाकून त्यांच्या पाया पडला. त्रिवेणीला तो सल्ला आवडला नाही, पण माणूस भला वाटला. न केलेला गुन्हा कबूल करायला सांगणारा भला कसा, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग तिचा राग जिथं जायला नको होता तिथं गेला. शिबिरात स्वयंपाक करायची कडूबाई. त्रिवेणी तिच्या चुलीपुढं जाऊन उभी राहिली आणि भाजीत काय घातलं होतं म्हणून सरळ विचारलं. कडूबाईनं हातातली भाकरी आधी तव्यावर नीट उलटली. मग म्हणाली,

“पोरी, त्या दिवशी मेथी होती अन् वरण होतं. त्याच पातेल्यातलं मी खाल्लं. समद्या पोरांत तुझा भाऊ एकटा ताटात कण ठेवत न्हाई. त्याच्या ताटात मी इख कालवीन व्हय?”

त्रिवेणी खाली मान घालून बाहेर पडली. तिनं माफीही मागितली नाही, रागाच्या भरात ते सुचलंच नाही.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सगळे घरी जेवायला बसले. आईनं, भागम्मानं, भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवण झालं तसं शिवकांतनं ताटात तांब्यातलं पाणी घेतलं, बोटानं कडेकडेनं फिरवलं, वरणाचा शेवटचा अंश त्यात उतरवला आणि ते पाणी पिऊन टाकलं. यात नवल काहीच नव्हतं. या घरात, आणि यांच्यासारख्या कितीतरी शिवभक्त घरांत, ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. तो टाकायचा नाही, ताटाला चिकटलेलासुद्धा. ताट धुऊन प्यायचं, हे पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात. त्रिवेणीनंही तेच केलं होतं. ताट तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, आणि तिथंच ती थांबली.

“शिवकांत, तू आत्ता काय प्यालास?”

“कुठं काय प्यालो?”

“आत्ता. माझ्यासमोर.”

“ते पिणं व्हय, अक्का? ताट धुतलं. ते तर प्रसाद हाय.”

ती ताट खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. पोलिसासारखं शंभर वेळा विचारलं होतं, संघानं विचारलं, डॉक्टरनं विचारलं, आणि शंभर वेळा यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की बाटलीशिवाय थेंब प्यालो नाही. आणि तो खरंच बोलत होता. ताट धुतलेलं पाणी त्याच्या लेखी पाणी नव्हतंच मुळी. आणि तिनं, त्याच घरात वाढलेल्या बहिणीनं, तरी ताटाचं कुठं विचारलं होतं?

शिबिरात ताट कशानं धुतोस, असं तिनं आता विचारलं. तो म्हणाला, टेबलावर हात धुवायचा तांब्या असतो, त्यातल्या पाण्यानं. बाकीची पोरं त्यानं नुसते हात धुतात, नाहीतर सरळ नळावर जातात. ते पाणी पीत कुणीच नाही. पीत होता तो एकटा, ताटातून, सगळ्यांच्या देखत.

“अन् त्या दिवशी तांब्या कुणी ठेवला होता?”

शिवकांतचा चेहरा उजळला. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच. “त्या दिवशी सरांनी सोताच्या हातानं ओतलं, अक्का. म्हणले, आज मोठा सामना, आज मी तुझी सेवा करतो. मला लय लाजल्यावानी झालं.” आणि बोलता बोलताच त्याचा आवाज खाली आला. मग तो म्हणाला की पाणी कडवट लागलं होतं, पण मेथी होती ना.

धोंडप्पा उठून दाराशी जाऊन उभे राहिले. भागम्मानं तोंडाला पदर लावला. आबासाहेब याच जागी बसून जेवले होते. घरातल्या सगळ्यांना ताट धुऊन पिताना बघून त्यांनी केवढं कौतुक केलं होतं. पुढं शिबिरात पोरांना उदाहरण म्हणून सांगितलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या चांगल्या सवयीचं तोंड भरून कौतुक केलं, त्याच सवयीत विष कालवायचं. त्रिवेणी म्हणाली की उद्या समितीपुढं मी हेच नाव घेणार.

शिवकांत मात्र हात जोडून म्हणाला, “सरांचं नाव घेऊ नको. बापाच्या जागी हायेत ते.”

“बापाच्या जागी तुझा बाप दारात उभा हाय,” ती म्हणाली. “तिकडं बघ.”

पण नुसत्या म्हणण्याला कोण विचारतो? तांब्या केव्हाच घासला गेलेला, पाणी केव्हाच वाहून गेलेलं. तेव्हा शिवकांतनंच सांगितलं की जेवताना अर्पितामॅडम शूटिंग करत होत्या. अर्पिता संघाचे फोटो, व्हिडिओ मोबाइलवर टाकायचं काम करी. त्रिवेणीनं तिथल्या तिथं शोधलं. सामन्याच्या दुपारचा तुकडा सापडला. आबासाहेब तांब्यातून पाणी ओततायत, शिवकांत मान खाली घालून ताट धुतोय, मागं बासरी आणि वर अक्षरं, ‘गुरूची माया’. तेवढ्यावरच तुकडा संपला. खाली लोकांनी शिवकांतला घातलेल्या शिव्या मात्र संपता संपत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीच्या बसस्थानकाजवळच्या उपाहारगृहात अर्पिता भेटली. पंचविशीतली पोरगी, सारखी दाराकडं बघत होती. पुढचं शूटिंग आहे, असं तिनं कबूल केलं. सामना संपल्यावर आबासाहेबांनी ते पुसून टाकायला सांगितलं होतं, संघातला महारुद्र त्यात गबाळा दिसतो म्हणून. तिला ते कारण विचित्र वाटलं होतं आणि म्हणूनच तिनं पुसलं नव्हतं. पण ते दिलं तर नोकरी जाईल, असं म्हणून तिनं फोन पर्समध्ये टाकला. त्रिवेणी हातापाया पडली नाही. तिला ते येतच नव्हतं. ती एवढंच म्हणाली की तुमची अडचण मला समजते, आणि चहाचे पैसे द्यायला उठली. मागून अर्पिता म्हणाली, “माझ्याच व्हिडिओखाली लोक त्याला शिव्या द्यायलेत. त्या रोज मला वाचाव्या लागतात.” आणि तिनं फोन परत बाहेर काढला.

त्याच दुपारी क्रीडासंकुलाच्या कार्यालयात चौकशी होती. टेबलापलीकडं समितीचे तिघं, शेजारी भागवतशेठ, त्यांच्या बाजूला आबासाहेब. अलीकडं शिवकांत आणि त्रिवेणी. तिला आत घ्यायलाच अध्यक्ष तयार नव्हते. घरचं माणूस म्हणून बसू द्या, असा आग्रह आबासाहेबांनीच धरला. भलेपणा किती अंगवळणी पडलेला असतो बघा.

त्रिवेणीनं आधी त्यांनाच विचारलं की त्या दुपारी शिवकांत काय काय प्याला. आबासाहेब शांतपणे म्हणाले की त्याच्या बाटलीतलं पाणी, दुसरं काही नाही, मी स्वतः समोर होतो. अध्यक्षांनी तसं लिहून घेतलं. मग तिनं फोन टेबलावर उभा केला.

आबासाहेब पाणी ओतताना दिसले. शिवकांतनं ताट धुतलं, पाणी प्याला, ताट पुसलं. बासरी नव्हती, पंख्याचा आणि भांड्यांचा आवाज होता. मग डावीकडून महारुद्र आला, तो दांडगा पकडपटू. तोंडात मिरची आलेली, हाऽ हाऽ करत त्यानं तांब्याकडं हात केला. आबासाहेबांनी तांब्या असा झटक्यानं मागं ओढला की निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं. “ते नगं. हात धुवायचं हाय ते,” त्यांचा आवाज आला. महारुद्र हसत नळाकडं गेला. आबासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं आणि उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर ओतून दिलं.

त्रिवेणीनं व्हिडिओ थांबवला. “हात धुवायचं पाणी महारुद्रला चालत न्हाई,” ती म्हणाली, “मग माझ्या भावाला कसं चाललं, सर?”

आबासाहेबांनी स्वच्छतेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. अध्यक्षांनी चष्मा काढला. भागवतशेठ खुर्चीत मागं सरकले. आबासाहेब बोलतच राहिले असते, कारण बोलायची त्यांना कला होती. पण इतका वेळ खाली बघत बसलेल्या शिवकांतनं मान वर केली.

“सर, पाणी कडू लागलं व्हतं. मी म्हणलं, मेथीचं असंल. मेथीचंच व्हतं का?”

त्यात आरोप नव्हता. मेथीचंच होतं असं सरांनी म्हटलं असतं, तर त्या पोरानं तेही मानलं असतं, असा तो चेहरा होता.

“दुसरा कोणी असता तर कडू लागलं म्हणून थुंकला असता,” आबासाहेब म्हणाले. “तू थुंकणार न्हाईस, हे मला मालूम होतं.”

सट्टा लावणाऱ्यांनी त्यांना गाठलं होतं, हे त्यांनी मग तुकड्या तुकड्यानं सांगितलं. त्रिवेणीनं ते धड ऐकलंच नाही. माणसाचा चांगुलपणा हेरून नेमका तिथंच सुरा खुपसायचा, यापरतं नीच काम तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याला कारणं असली काय नि नसली काय.

एवढ्यावर न्याय झाला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण भागवतशेठनी दार लावून घेतलं. आबासाहेबांना शेजारच्या खोलीत बसवलं आणि मग ते अगदी गोड आवाजात बोलू लागले. पोलिसात गेलं तर लीग बंद पडेल, रविवारचा उपांत्य सामना जाईल, सगळ्या पोरांचं वाटोळं होईल. त्यापेक्षा रस्ता सोपा आहे. शिवकांतला अन्नातून विषबाधा झाली होती, असं जाहीर करू. शिबिराचं जेवण खराब होतं, स्वयंपाकीण काढून टाकली. आबासाहेब प्रकृतीच्या कारणानं राजीनामा देतील. शिवकांतचं नाव आजच धुऊन निघेल, आणि रविवारी तो कर्णधार म्हणून उतरेल. समितीच्या तिघांनीही माना डोलावल्या. एकानं कागद तयारही केला, पेन वर ठेवून शिवकांतपुढं सरकवला.

खरं सांगायचं तर त्रिवेणीचाही जीव क्षणभर त्या कागदावर गेला. रविवार, कर्णधार, टीव्ही, दुकानात परत येणारी गिऱ्हाइकं. एका सहीत सगळं. कडूबाई तिची कोण होती? तिच्या मनात हे आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली, तरी ती बोलली नाही. ज्याचं आयुष्य पणाला लागलं होतं, त्यानंच ठरवायचं होतं.

शिवकांतनं कागद सावकाश वाचला. बोट ठेवून, एकेक ओळ. कडूबाईच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

“मालक, मी सामना विकला असं सगळी सोनपेठ म्हणायली,” तो म्हणाला. “मला झोप येत न्हाई त्यानं. पण मला मालूम हाय की मी विकला न्हाई, म्हणून मी जेवायलाय तरी. मावशीचं अन्न चांगलं होतं. ते खराब होतं असं मी लिहून दिलं, तर रविवारी मी विकलेलाच खेळंन.”

भागवतशेठ म्हणाले की मग रविवार विसर, आणि पुढचं काय ते बघून घेऊ. शिवकांतनं कागद न चुरगाळता, न फाडता त्यांच्याकडं परत सरकवला. मग तो उठला, बहिणीकडं वळला आणि पोलीस ठाणं कुठल्या रस्त्याला आहे, असं विचारलं.